तीन वर्षांच्या मुदतीवर

कोल्हापूर भागात घरात लग्न ठरले की बस्ता बांधायला गांधीनगरला जायचे, हा रिवाज मी लहानपणापासून पाहत आलो. आमच्या घरचे दोन बस्ते तिथलेच. पांढऱ्या गादीवर बसलेला सिंधी दुकानदार एकामागून एक साड्या उलगडायचा, आई-मावशी काठ हातात धरून उजेडात न्याहाळायच्या आणि आम्ही पोरे कापडाच्या ढिगांवर लोळायचो. ही वसाहत इथे कशी आली, हा प्रश्न त्या वयात पडला नाही.

पुढे कळले की फाळणीनंतर सिंधमधून उठून आलेली कुटुंबे इथे उतरली, तेव्हा त्यांना राहायला बराकी तयार मिळाल्या. त्या बराकींतून दुसरे निर्वासित नुकतेच बाहेर पडले होते. ते पोलंडचे. 1943 ते 1948 या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश माणसे राहिली, त्यात बहुतेक बायका आणि मुले. सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून उचलून त्यांना सायबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकले होते. तिथून सुटून, इराणमार्गे समुद्र ओलांडून ती पंचगंगेच्या काठी आली होती. एकाच छपराखाली आधी पोलंडचा आणि मग सिंधचा संसार मांडला गेला. दोन्ही घरे मोडणारे हात वेगळे होते, पण दोन्ही वेळी आपण कुठे राहायचे हे त्या घरातल्या माणसांनी ठरवलेले नव्हते.

युद्धानंतर जगभरच्या अशा छावण्यांतल्या माणसांची सोय लावायला आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटना, म्हणजे आयआरओ, काम करत होती. ती गुंडाळली जात असताना तिच्या जागी एक छोटे कार्यालय उभे राहिले : संयुक्त राष्ट्रांचे निर्वासितविषयक उच्चायुक्त कार्यालय, यूएनएचसीआर. त्याची पंचाहत्तरी उलटून गेली. निळ्या अक्षरांची पांढरी ताडपत्री आपण बातम्यांत सतत पाहतो. ती ताडपत्री कुठून निघाली आणि इतकी वर्षे का लागतेच आहे, हे मला या वाटचालीतून सांगायचे आहे.

त्या गोष्टीचा आरंभ एका ध्रुवप्रवाशापाशी होतो. नॉर्वेचे फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी ग्रीनलंडचा बर्फ स्कीवरून ओलांडला होता, ‘फ्राम’ जहाज उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात मुद्दाम अडकवून वाहवत नेले होते. साठीच्या उंबरठ्यावर असताना, 1921 साली, राष्ट्रसंघाने त्यांना रशियन निर्वासितांचे उच्चायुक्त नेमले. क्रांती आणि यादवीनंतर दहा लाखांहून अधिक रशियन युरोपभर पांगले होते. त्यातच नव्या सोव्हिएत सरकारने देशाबाहेर गेलेल्यांचे नागरिकत्व काढून घेतले. आता या माणसांकडे कसलाच कागद उरला नाही. कागद नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून भाड्याची खोली नाही, आणि सीमेवर पोहोचले तर पोलीस मागे ढकलणार. नान्सेन यांनी 1922 मध्ये या माणसांसाठी एक ओळखपत्र काढले. त्यावर नान्सेन यांचाच चेहरा असलेले तिकीट चिकटवलेले असे. पुढे पन्नासच्या वर सरकारांनी हा ‘नान्सेन पासपोर्ट’ मानला. संगीतकार स्ट्राविन्स्की, चित्रकार शगाल, नर्तिका आना पाव्लोवा यांनी याच कागदावर प्रवास केला. मला मात्र त्या कागदावर पॅरिसमध्ये टॅक्सी चालवणारे आणि कारखान्यात पाळी करणारे हजारो अनाम रशियन जास्त आठवतात. आपत्तीत सापडलेल्याला आपण आधी जेवू घालतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्याला पुन्हा स्वतःच्या पायावर उभे राहायचे असेल तर ‘हा अमुक आहे’ असे म्हणणारे कोणीतरी लागते, ही समज नान्सेन यांनी दिली.

ते 1930 मध्ये गेले. पुढच्या दहा वर्षांत ही समज किती वरवरची होती ते उघड झाले. जुलै 1938 मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँ या गावी 32 देश जर्मनी-ऑस्ट्रियातल्या ज्यूंचे काय करायचे यावर बोलायला जमले. सहानुभूतीची भाषणे झाली आणि डोमिनिकन प्रजासत्ताक सोडले तर जवळपास सगळ्यांनी दारे होती तशीच ठेवली. ज्यांना तेव्हा व्हिसा मिळाला नाही त्यांच्यापैकी कितीतरी जण पुढे छळछावण्यांत मारले गेले. 1951 चा निर्वासितांविषयीचा करार वाचताना हे एव्हियाँ मनात असले पाहिजे. त्यातले 33 वे कलम सांगते की जिथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तिथे निर्वासिताला माघारी धाडायचे नाही. कायद्याच्या कोरड्या भाषेतले हे वाक्य पश्चात्तापातून लिहिले गेले आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 14 डिसेंबर 1950 रोजी कार्यालयाला मंजुरी दिली आणि 1 जानेवारी 1951 पासून ते जिनिव्हात सुरू झाले. मुदत तीन वर्षे. तीस-पस्तीस कर्मचारी आणि वर्षाला तीन लाख डॉलर. तेही फक्त कारभारासाठी. निर्वासितांवर खर्च करायचा पैसा देशोदेशींकडून वर्गणीसारखा गोळा करायचा आणि त्यासाठीही आधी आमसभेची परवानगी घ्यायची. पहिले उच्चायुक्त खेरित यान व्हान ह्यूव्हेन खुडहार्ट हे डच पत्रकार. नाझींच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये त्यांनी भूमिगत वृत्तपत्र चालवले होते, आणि जीव वाचवून लंडन गाठले होते. निर्वासित होणे त्यांना ऐकून माहीत नव्हते, ते त्यातून गेले होते.

जुलै 1951 मध्ये 26 देशांच्या परिषदेने करार केला. निर्वासित कोण, याची व्याख्या त्यात आहे : वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी एखाद्या कारणाने छळ होईल अशी सकारण भीती वाटून जो आपल्या देशाबाहेर पडला आहे आणि परत जाऊ शकत नाही, तो. त्याला आणखी एक अट होती. स्थलांतराचे कारण 1 जानेवारी 1951 पूर्वीचे हवे, आणि ते युरोपात घडलेले असावे असे म्हणण्याची मुभाही प्रत्येक देशाला होती. म्हणजे त्याच काळात सीमा ओलांडून आलेले फाळणीचे कोटभर लोक या चौकटीत नव्हते. त्यांचे पुनर्वसन भारत आणि पाकिस्तान यांनी आपापल्या तिजोरीतून केले. कल्याणच्या लष्करी छावणीचे उल्हासनगर झाले, वळिवड्याच्या बराकींचे गांधीनगर. पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी वेगळी संस्था आधीच काढलेली होती. भारताने हा करार आजवर स्वीकारलेला नाही, आणि त्यामागे जी जुनी नाराजी आहे तिला मी चूक म्हणू शकत नाही. ज्याच्या अंगणात सर्वांत मोठी पळापळ झाली, त्यालाच त्या व्याख्येने बाहेर उभे केले होते.

तरीही ही व्याख्या फार काळ आखलेल्या रेषेत राहिली नाही, कारण माणसे तिच्या तारखा पाहून पळत नव्हती. नोव्हेंबर 1956 मध्ये हंगेरीतला उठाव चिरडायला सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले आणि सुमारे दोन लाख हंगेरियन थंडीत पायी ऑस्ट्रिया आणि युगोस्लाव्हियात उतरले. उठाव 1956 चा, करारातली तारीख 1951 ची. कार्यालयाच्या कायदेतज्ज्ञांनी मग असा युक्तिवाद काढला की आजच्या पलायनाचे मूळ युद्धानंतर हंगेरीत झालेल्या सत्तापालटात आहे, आणि तो सत्तापालट तर 1951 च्या आधीचाच. हा युक्तिवाद लोकांना वाचवण्यासाठी केलेला होता, पण त्याने एक खोल गोष्ट मान्य करून टाकली. माणूस ज्या रात्री गाव सोडतो त्या रात्री कारण जन्मत नाही. ते आठ-दहा वर्षे आधी कुठल्यातरी कायद्यात किंवा बंद पडलेल्या वर्तमानपत्रात पडून असते. 1967 च्या जोडकराराने तारखेची अट काढून टाकली. 1969 मध्ये आफ्रिकी राष्ट्रांनी आपल्या करारात परकीय आक्रमण आणि सार्वजनिक व्यवस्था कोलमडणे ही कारणेही घातली. त्यांना ठाऊक होते की गावावर तोफा डागल्या जात असताना तुमचे राजकीय मत काय, हे विचारण्यात अर्थ नसतो.

आणि मग 1971 आले.

25 मार्चच्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी लष्कराने गोळीबार सुरू केला. वर्षअखेरपर्यंत सुमारे एक कोटी माणसे भारतात आली. 825 छावण्यांत 68 लाख, बाकीची नातेवाइकांकडे आणि ओळखीपाळखीच्या घरी. एप्रिलअखेर संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट यांनी मदतीच्या समन्वयाचे काम उच्चायुक्त सद्रुद्दीन आगाखान यांच्या कार्यालयाकडे सोपवले. वीस वर्षांपूर्वी तीन लाख डॉलरवर सुरू झालेल्या कार्यालयाला आता विमानांनी लस, तंबूंसाठी कापड आणि धान्य हलवायचे होते, आणि तेही करारावर सही नसलेल्या देशात. प्रत्यक्षातला बहुतेक भार भारत सरकारने, राज्यांनी आणि सीमेलगतच्या सामान्य माणसांनी उचलला. जेसोर रोडवर झाडाखाली संसार मांडलेली कुटुंबे आणि कलकत्त्याच्या सॉल्ट लेकमध्ये गटाराच्या मोठ्या सिमेंट पाइपांत झोपणारी मुले, ही त्या वर्षाची छायाचित्रे माझ्या आधीच्या पिढीने विसरलेली नाहीत.

पावसाळा तोंडावर असताना पटकी आली. इथे मी थोडा थांबणार आहे. सीमेवरच्या बनगाव रुग्णालयात डॉ. दिलीप महालनबीस पोहोचले तेव्हा रुग्ण जमिनीवर पडलेले होते. त्यांच्यापर्यंत जायचे तर वांती आणि जुलाबात गुडघे टेकावे लागत. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते आणि ते लावता येणारे हातही पुरेसे नव्हते. महालनबीस यांनी एक धाडस केले. लिटरभर पाण्याला 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, या हिशेबाने कलकत्त्यात पुड्या भरून आणल्या, छावणीत पिंपांत पाणी कालवले, पिंपाला तोटी लावली आणि रुग्णाच्या आईला, भावाला, नवऱ्याला सांगितले की पेल्याने पाजत राहा. तोवर हा उपाय रुग्णालयातल्या देखरेखीखालीच देऊन पाहिला होता, घरच्या माणसांच्या हाती सोडला नव्हता. तीसच्या आसपास असलेले मृत्यूचे शेकडा प्रमाण चारच्या खाली आले. आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर रंगवलेली ‘जलसंजीवनी’ जगाने मान्य केली, त्यामागे त्या छावणीतली ही कसोटी आहे. ज्या बाईच्या हातून घर, शेत, गोठा सगळे गेले होते, तिच्याच हातात कोणीतरी पेला दिला आणि तिने आपले मूल वाचवले. मदतीविषयी मी जेवढे वाचले आहे त्यात याहून मोठे काही मला सापडलेले नाही.

16 डिसेंबरला भारत-पाकिस्तान युद्ध संपले, बांगलादेश स्वतंत्र झाला. जानेवारी 1972 मध्ये दिवसाला सरासरी दोन लाखांच्या आसपास माणसे परत निघाली आणि मार्च उजाडेतो छावण्या बहुतांश रिकाम्या झाल्या. इतका मोठा लोंढा इतक्या लवकर घरी गेल्याचे उदाहरण दुसरे नाही. कारण जे मुळात होते तेच संपले, म्हणून लोक गेले. मागे राहिले ते बांगलादेशातले उर्दूभाषक बिहारी. नव्या देशाने त्यांना आपले मानले नाही आणि पाकिस्तानने बहुतेकांना नेले नाही. ढाक्यात मोहम्मदपूरच्या त्यांच्या वस्तीचे नाव आजही ‘जिनिव्हा कॅम्प’ आहे. 2008 मध्ये न्यायालयाने त्यांना नागरिक ठरवले. तोवर त्या गल्ल्यांत दोन पिढ्या जन्मल्या होत्या.

नंतरच्या वर्षांत कामाचा पसारा वाढतच गेला. व्हिएतनाम सोडून होड्यांतून समुद्रात उतरलेले लोक, सोव्हिएत फौजा शिरल्यावर पाकिस्तान आणि इराणमध्ये आलेले साठेक लाख अफगाण, इथिओपिया, मध्य अमेरिका. तीन वर्षांची मुदत पाच-पाच वर्षांनी वाढवत नेली जात होती. 1954 आणि 1981 अशी दोनदा शांततेची नोबेल पारितोषिके मिळाली. कामाचा तो सन्मानच होता, पण दुसरे पारितोषिक घ्यायला हे कार्यालय अजून सुरू असावे हेच मुळात कोणाच्या मनात नव्हते.

1991 च्या फेब्रुवारीत जपानच्या सादाको ओगाता उच्चायुक्त झाल्या. पहिल्याच महिला, पेशाने राज्यशास्त्राच्या प्राध्यापक, वय त्रेसष्ट. काही आठवड्यांतच सद्दाम हुसेनच्या फौजांपुढून अठरा लाखांच्या आसपास कुर्द पळाले. इराणने दार उघडले. तुर्कस्तानने बंद केले, आणि चार लाखांहून अधिक माणसे बर्फाळ डोंगरावर अडकली. करार म्हणत होता की सीमा ओलांडली तर निर्वासित. ही माणसे सीमेच्या चार पावले अलीकडे होती. कार्यालयात दोन तट पडले. आत जाऊन मदत केली तर शेजारी देशांना दार बंद ठेवायला आयते कारण मिळेल, हे एका बाजूचे म्हणणे खोटे नव्हते. ओगाता डोंगरावर गेल्या, पाहिले, आणि इराकच्या आतच काम सुरू करायचे ठरवले. मला तो निर्णय बरोबर वाटतो. तो घेताना काय गमावले हेही त्यांना दिसत होते, म्हणून अधिकच. आज बळजबरीने घर सोडावे लागलेल्यांत निम्म्याहून जास्त माणसे स्वतःच्याच देशात विस्थापित आहेत. त्यांच्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे 1998 मध्ये आली, पण बांधून घेणारा जागतिक करार अजून नाही.

बोस्नियात तर प्रश्न आणखी बिकट झाला. वेढलेल्या गावातून माणसे बाहेर काढली तर जीव वाचतात, पण त्यांच्या धर्माची वस्ती तिथून पुसायची हेच हल्लेखोरांना हवे असते. सारायेव्होला साडेतीन वर्षे विमानाने अन्न पोचवले, बर्लिनच्या हवाई पुलापेक्षाही जास्त काळ. आणि जुलै 1994 मध्ये रुआंडातून चार-पाच दिवसांत दहा लाखांच्या घरात माणसे झाईरमधल्या गोमाला आली. तिथली जमीन लाव्ह्याची. संडासासाठी खड्डा खणता येईना, थडग्यासाठीही नाही. पटकीने हजारो मेले. त्या गर्दीत रुआंडातला वंशसंहार करणारेही मिसळलेले होते. छावणीतला शिधा त्यांच्या हातून वाटला जाऊ लागला. त्यांना वेगळे काढायला पोलीस बळ द्या, असे ओगाता वारंवार सांगत राहिल्या. मोठ्या देशांनी सैन्य दिले नाही. माणुसकीच्या कामाने राजकारणाचा प्रश्न सुटत नाही, हे त्या नंतर आयुष्यभर बोलत राहिल्या. त्यामागे गोमा होते.

कारणांविषयी बोलताना हल्ली हवामानबदलाचे नाव पुढे येते. ते यायलाच हवे. पण त्यात माझा एक आग्रह आहे. दुष्काळ आमच्याकडेही पडला होता. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात विहिरी आटल्या, जनावरे छावण्यांत गेली, लाखो माणसे खडी फोडायला आणि बांध घालायला कामावर गेली. सुकडी खाऊन दिवस काढले, पण देश सोडून कोणी पळाले नाही, कारण मागितले तर काम मिळत होते आणि मागायला मोर्चा काढता येत होता. 2011 मध्ये सोमालियातही पाऊस हुकला. तिथे सरकार म्हणावे असे काही नव्हते, आणि दक्षिणेत अल-शबाब या सशस्त्र संघटनेने मदतसंस्थांना मज्जाव केला होता. माणसे मुले पाठीशी बांधून केनियातल्या दादाबला चालत निघाली. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला नव्वद हजारांसाठी आखलेल्या त्या छावण्यांत त्या वर्षी साडेचार लाखांवर लोक झाले. पाऊस दोन्हीकडे सारखाच रुसला होता.

2003 मध्ये आमसभेने मुदतीची अट काढून टाकली. निर्वासितांचा प्रश्न सुटेपर्यंत कार्यालय चालू राहील, असे ठरले. त्यानंतर सीरिया झाले, दक्षिण सुदान, युक्रेन. एप्रिल 2023 पासून सुदानमध्ये दोन सेनानींच्या भांडणात एक कोटीहून अधिक माणसे उठली. 2024 अखेर जगात बळजबरीने विस्थापित झालेल्यांचा आकडा 12 कोटी 32 लाख होता. महाराष्ट्राची सगळी लोकसंख्या डोळ्यांपुढे आणा, जवळपास तेवढी. यांतल्या सीमा ओलांडलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत आहेत. श्रीमंत देशांत लोंढ्यांवरून निवडणुका लढवल्या जातात, आणि चाडसारखा वाळवंटी देश सुदानच्या माणसांना जागा करून देतो. कार्यालयाचा पैसा अजूनही बव्हंशी वर्गणीचाच आहे. 2025 मध्ये मोठ्या देणगीदारांनी हात आखडले आणि कार्यालयाला हजारो जागा कमी कराव्या लागल्या.

बांगलादेशात, कॉक्स बाजारजवळ कुतुपालोंगला, ऑगस्ट 2017 नंतरच्या काही महिन्यांत सात लाखांवर रोहिंग्या आले. म्यानमारच्या 1982 च्या नागरिकत्व कायद्याने त्यांना आधीच नागरिकत्वाबाहेर काढले होते. गावे जाळली गेली ती पस्तीस वर्षांनी. यापूर्वी 1978 आणि 1991-92 मध्येही ते आले होते आणि माघारी पाठवले गेले होते; त्या परतीत कार्यालयाने घेतलेल्या भूमिकेवर टीका झाली, आणि ती रास्त होती. 2023 मध्ये निधी आटला तेव्हा तिथला शिधा माणशी महिना 12 डॉलरवरून 8 वर आला.

या छावणीत पक्के घर बांधायला परवानगी नाही. बांबूचा सांगाडा आणि वर ताडपत्री. सुरुवातीला घाईने कापून आणलेल्या हिरव्या बांबूला भुंगा लागला. रात्री छपरातून बारीक पीठ गळायचे, वर्षा-दोन वर्षांत खांब पोकळ व्हायचे. मग मदतसंस्थांनी बांबूवर प्रक्रिया करणारी केंद्रे काढली. पेरांना भोके पाडून बांबू बोरॉनच्या द्रावणात भिजत ठेवतात, सावलीत सुकवतात आणि नवा खांब जुन्याच्या जागी उभा करतात. असा बांबू पुष्कळ वर्षे टिकतो. ज्या मुलांचे वय छावणीच्या वयाइतके आहे, ती आता तो वाहून न्यायला वडिलांना हात लावतात.